उजवा की डावा

चिरंजीव धाकटीस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण ती किती वाईट आहे हे पंधरा दिवस ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकते आहे. पत्र सूनबाई लिहिते आहे. अक्षर तिचं, जीभ माझी.

तू न्हाणीघरात घसरलीस काय, खांदा धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंपैकी वरचा आरपार फाटला काय आणि दोन्ही लेकी कामधाम टाकून धावल्या काय! एक भरवते, दुसरी वेणी घालते. खांद्याच्या एमआरआयची फिल्म म्हणे तू खिडकीच्या काचेला लावली आहेस, आल्यागेल्याला दिसावी म्हणून. लहानपणापासून तुझं असंच. मला गोवर, तर तुला गोवर आणि कांजिण्या. माझ्या पित्ताशयात तीन खडे, तर तुझ्यात पाच. (सूनबाई विचारते, खड्यांचा कसला हेवा? तिला सख्खी बहीण नाही, तिला काय कळणार!)

मग मीही गेले हाडांच्या डॉक्टरांकडे. माझाही खांदा पंधरा दिवस ठणकतोय, खोटं नाही. त्यांनी विचारलं, कुठला? दुखत होता डावा. पण तुझा उजवा, जेवायचा, मानाचा. मी थोरली असून डाव्यावर समाधान मानू? म्हटलं, उजवा. हात वर करायला लावला तेव्हा मी इतकं झकास कण्हले, की त्यांनी लगेच एमआरआय लिहून दिला. केसांतले आकडेसुद्धा काढायला लावून मला त्या नळकांड्यात अर्धा तास सरकवून ठेवलं. अजिबात हलायचं नाही, आणि आत असा दणदणाट, की जणू शेजारी कोणी पत्रे बडवतंय. त्यात डावा बोंबलायला लागला. त्याला मनात म्हटलं, गप्प बैस, आज तुझा नंबर नाही.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली. म्हणाले, "आजी, चारही स्नायू शाबूत! या वयात असा खांदा मी पाहिला नाही." सूनबाईने माझ्याकडे असं काही पाहिलं! (आत्ताही पाहते आहे. लिही गं.) चांगल्या खांद्याची फिल्म खिडकीला लावून कोणाला दाखवू? तर बाई, तू जिंकलीस. घे सेवा करून.

तुझी, धडधाकट निघालेली,
ताई

ता. क. डावा कशाने दुखावला, विचारशील. तू पडल्याचा फोन आला, त्याच सकाळी तुझ्याकडे यायला म्हणून माळ्यावरची बॅग एका हाताने ओढली. काल सूनबाईने मुकाट्याने त्या खांद्याची सोनोग्राफी करवली. तुझा फाटला तोच स्नायू. पण माझा अर्धाच.

आणखी ता. क. लेकी रविवारी आपापल्या घरी परतणार, असं कळलं. मग वेणी कोण घालणार तुझी? माझा उजवा उत्तम आहे, तसा कागदच आहे माझ्याकडे. पेड तू डाव्याने धर, मी गुंफते. मग माझी घालू. बॅग भरलेली आहे, पण उचलवत नाही, तेव्हा तूच ये. येताना ती फिल्म आण. माझ्या खिडकीत उजेड जास्त येतो.