नाळेचे पाय

बाळकुम, मंगळवार संध्याकाळ

आमच्या व्हिडिओ गेममधला माझा रोबो आधी होडी असतो, मग उभा राहून माणूस होतो. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, मधोमध उघडते आणि तिचे दोन पाय होतात. ऑफिसात सगळ्यांना आवडलाय. उद्या चित्रं द्यायचीत.

आज हौसेने बाबांना कागद दाखवला. त्यांचा जन्म खाडीत होडी घालण्यात गेला. बराच वेळ बघून म्हणाले, "नालेला आपुन हलद-कुकू लावतो गो. तिचा तू पाय केलास?"

मी म्हटलं, खेळ आहे हा. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला, तेच जास्त लागलं. दर नारळी पुनवेला मीच तर नाळेला कुंकू लावते. मग मला पाय कसा सुचला?

आत्ता चित्रात नाळ पायांऐवजी रोबोच्या कपाळाशी आणून पाहिली. नीट बसते. पण आता होडी व्हायला रोबोला आधी गुडघे टेकून पाण्यावर डोकं ठेवावं लागतं. ऐन लढाईत एवढा वेळ? साहेब कुरकुरणार. बाबांना तसं सांगितलं.

"लागू दे येल," ते म्हणाले. "आमी पन पाया परूनच पान्यात उतरतो."