अभिमन्यूला मेंढरामागं धाडलं

१७ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेजातनं फोन आला. अभिमन्यू बावीस दिवस वर्गात नाही. अकरावीचं वर्ष! रोज सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी रिकामा डबा मोरीत ठेवतो. मी कारखान्यात मशीनवर होते, शाळेच्या युनिफॉर्मच्या कॉलरी चालल्या होत्या. हातातली कॉलर उलटी शिवली गेली.

घरी ह्यांनी विचारलं, कुठं जात होतास? – कंबर तलावावर. – कुणाबरोबर? – एकटाच.

"सोळा वर्साचं पोरगं बावीस दिवस एकटं तळ्याकाठी बसतंय व्हय? मला शिकवतो?"

मलाही पटलं नाही. टोळकं असणारच कुठलं तरी. मोबाइल मागितला, त्यानं देऊन टाकला. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. त्याचाच जास्त राग आला.

१९ नोव्हेंबर

"हं" आणि "नको". बाकी काही बोलत नाही.

२१ नोव्हेंबर

परवा तो आंघोळीला गेल्यावर दप्तर उपसलं. कपाट, गादीखाली, पँटचे खिसे. काही नाही. सिगारेट, चिठ्ठी, कायतरी सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. ओरडायला निमित्त तरी मिळालं असतं. सगळं होतं तसं ठेवलं, तरी त्याला कळलं. आता आंघोळीला जाताना दप्तराची चेन स्वतःच उघडी टाकून जातो.

२३ नोव्हेंबर, रविवार

ह्यांनी ठरवलं. "अजिनाथकडं धाडू. चार म्हयनं मेंढरामागं हिंडला की येतोय वळणावर."

अजिनाथदादा माझा थोरला भाऊ. सांगोल्याकडं अजून मेंढरं राखतो. आमच्यात पोरगं बिघडलं की हाच उपाय. ह्यांनाही लहानपणी असंच धाडलं होतं, तेव्हापासून हे मेंढरांचं नाव काढत नाहीत. त्या कामातून सुटायला सोलापुरात आलो, आणि आता तेच काम पोराला शिक्षा म्हणून. कॉलेजचं काय, विचारलं तर म्हणाले, "परीक्षेला आणू की. तसा वर्गात कुठं जातोय?" मला भांडायला पाहिजे होतं. मी बॅग भरली.

२४ नोव्हेंबर

एसटीत बसवलं. त्यानं एकच विचारलं, "किती दिवस?" हे म्हणाले, "अक्कल येईपर्यंत." गाडी निघाली तेव्हा मी हात केला. त्यानं बघितलं. नक्की बघितलं.

९ डिसेंबर

दादाला फोन लावला. "हाय की बरा. काळजी करू नगंस." त्याच्याकडे दे म्हटलं. नुसता वारा ऐकू येत होता. जेवलास का? – हं. थंडी आहे का? – हं. मग फोन परत दादाकडे.

हे खूश. "बघ, सरळ झाला. हेच पाहिजे होतं ना आपल्याला?" आपल्याला काय पाहिजे होतं तेच मला आता आठवत नाही.

२९ डिसेंबर

शेजारच्या मशीनवरची सावित्रम्मा म्हणाली, "मी पोरीचं सगळं ऐकून घेते, मग शिव्या घालते." मी म्हटलं, आधी ऐकायचं असतं होय? ती लई हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. सोळा वर्षांत मी त्याचं काय ऐकलं ते दिवसभर शोधत होते. पाढे ऐकले.

१२ जानेवारी

कारखान्यात छत्तीस मापाचे शर्ट शिवायला आले. त्याला होतील का, माहीत नाही.

३ फेब्रुवारी

रविवारी आणायला जायचं ठरलं. परीक्षा जवळ आली. हे म्हणतात, आता बघ कसा खाली मान घालून येतो. मला त्याच्यापुढं उभं राहायचीच भीती वाटते. काय बोलायचं? जेवलास का, ह्याच्यापुढं मला काही येत नाही. लई उशीर झाला असं वाटतं.

८ फेब्रुवारी, रविवार

एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. जाळीच्या पलीकडं कुणीतरी बाप्या माणूस मोठमोठ्यानं हसत होता. मायाक्कावहिनीही हसत होती, पदर तोंडाला लावून. मी दादाला विचारलं, कोण पाव्हणा आलाय?

दादा म्हणाला, "पाव्हणा कुटला? तुझा अभिमन्यू की."

आम्हाला बघितल्यावर हसायचा थांबला.