कप्तान कोण, ते आत्याने ठरवावं

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. अंगं सातच समज. आठवं, म्हणजे डावा पाय, बोटांपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरात आहे आणि तो सध्या कुणापुढेच वाकत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? आतोबांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा करतो. झाला नसेल तर त्यांना म्हणावं, निदान फोनवर तरी तोंड बाजूला करून खोका, गेल्या वेळी माझा कान दिवसभर गुणगुणत होता.

इकडे मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे बसून बसून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. माझ्यासारख्या माणसाला खुर्चीत बसवणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको, लहानपणी मला जेवायला बसवायला तूच खांद्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहायचीस. (आत्ता उठून खिडकी लावून आलो. आता उकडतंय.) सकाळपासून कपाटातले कपडे रंगाप्रमाणे लावले, मग ते आवडलं नाही म्हणून लांबीप्रमाणे लावले. खुर्चीत बसल्याबसल्या बॉल आपटत होतो, तर खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी काठीने छत ठोकलं. मी दोनदा आपटला की त्या दोनदा ठोकतात. काही वेळ आमचं बरं जमलं होतं, मग त्या वर आल्या. त्यांच्या हातातली कात्री बघून बॉल पलंगाखाली सरकवला. (खिडकी परत उघडली.)

तर मुद्द्यावर येतो. मुद्दा तुझ्या चिरंजीवांचा आहे. पुढच्या महिन्याअखेर आमचा अंतिम सामना आहे. हॉलच्या छताचं काम निघाल्यामुळे तो लांबला, आणि तोवर माझा पाय धावता होईल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्या सामन्यात संघाचा कप्तान कोण, मी की तुझा मुलगा, याचा निकाल लागायला हवा, आणि तो तुझ्याशिवाय लागणार नाही. सगळं सविस्तर सांगतो, मग तूच न्याय कर. न्याय माझ्या बाजूनेच होईल याची खात्री आहे, तरी पूर्ण वाच.

तुला माहीतच आहे, आमची कंपनी बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करते, आणि कंपनीचा बास्केटबॉलचा संघ आहे. या संघाचा तारा मी. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त नाकारत नाही. निम्म्याहून जास्त बास्केट माझ्या असतात. बाकीचे चौघे म्हणजे एक वेल्डर, लिफ्टच्या मोटारी दुरुस्त करणारे दोघे भाऊ, आणि तुझा मुलगा. त्याला इथे सगळे पाचर म्हणतात, कारण दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये जिथे मुळीच जागा नाही तिथे हा बरोबर जाऊन बसतो. उंची तुझ्यावर गेली आहे. (रागावू नकोस, तुला ती शोभते.) बास्केट त्याच्याकडून वर्षाकाठी एखादी होते, आणि झाली की तो स्वतःच दचकतो. आता तूच सांग, अशा संघात पुढारी कोण असावा? ज्याला बास्केट करता येते तो, की जो दचकतो तो?

कप्तान म्हणून माझी पद्धत साधी होती. बॉल मिळाला की माझ्याकडे द्यायचा, पुढचं मी बघतो. आणि एखाद्याने हातातला बॉल घालवला, तर त्याला त्या सामन्यात परत बॉल द्यायचा नाही. शिस्त लागते. कधीकधी सगळेच चुकलेले असायचे आणि मग मला एकट्यालाच खेळावं लागायचं, त्यात माझी दमछाक व्हायची, पण जबाबदारी म्हटली की एवढं आलंच.

आता तो छापखान्याविरुद्धचा सामना. तो समजायला आमच्या धंद्यातला एक नियम समजायला हवा. लिफ्ट दुरुस्त करताना एक जण अगदी वर मोटारीपाशी असतो आणि एक जण तळाच्या खड्ड्यात, लटकत्या डब्याच्या खाली. ते एकमेकांना दिसत नाहीत, नुसता आवाज पोचतो. तेव्हा कुणीही “थांब” असं ओरडलं, की सगळ्यांनी हात वर करून आहे तिथे उभं राहायचं. आणि ज्याने “थांब” म्हटलं त्यानेच “चालू” म्हणायचं. दुसऱ्या कुणाचं “चालू” चालत नाही, मग खुद्द मालक ओरडले तरी. खड्ड्यातल्या माणसाचा जीव त्यावर असतो, त्यामुळे हे आमच्या हाडीमाशी भिनलंय. वेल्डरची बायको त्याला घरात नुसतं “थांब हं” म्हणून शेजारी गप्पा मारायला गेली, तर हा बिचारा हातात झाडू घेऊन दारात उभा होता म्हणे.

तर सामना रंगात आला होता, गुण सारखे होते, आणि छापखान्याचा तो ताडमाड खेळाडू बॉल घेऊन आमच्या बाजूला सुटला. मी मागे राहिलो होतो. (पुढे बास्केटखाली उभा होतो, कुणीतरी माझ्याकडे पास देईल म्हणून.) माझ्या तोंडून, त्या ताडमाडाला उद्देशून, जीव तोडून निघालं, “थांब!” तो कशाला थांबतोय? माझे चौघे मात्र थांबले. आठ हात वर, चार खांब उभे. त्याने सावकाश जाऊन बास्केट केली. मी चिडून आणखी काय काय ओरडलो, पण “चालू” म्हणायचं काही मला सुचलं नाही, त्यामुळे ते तसेच. छापखान्याने दुसरी बास्केट केली, तिसरी तर त्यांच्या गोलमटोल बदली खेळाडूने केली, लाजत लाजत. शेवटी रेफरी शिट्टी वाजवून पाचरजवळ आले आणि तुम्हाला बरं वाटत नाहीये का असं विचारू लागले. पाचर वर केलेले हात न हलवता म्हणाला, आम्हाला काही झालं नाही, फक्त दादाने सोडलं नाहीये.

हरलो. तरी गटातले आधीचे सामने जिंकलेले असल्यामुळे पुढच्या फेरीत गेलो. सामना संपल्यावर मी या चौघांना तिथेच पुढारीपणावर चार शब्द ऐकवायला घेतले. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना उतरता उतरता मी बोलत होतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यात बघून बोलावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून, पाठमोरा उतरत होतो. संघाने कप्तानाचा शब्द कसा झेलला पाहिजे, या मुद्द्यावर आलो होतो. तेवढ्यात पाचर ओरडला, “थांब!” आता बघ, चुकलेल्या माणसाने कप्तानाला, कप्तान बोलत असताना, थांब म्हणायचं? मी मुळीच थांबलो नाही. मागची पायरी तुटकी होती. पुढचं डॉक्टरीणबाईंनी प्लास्टरवर तारीख घालून लिहून ठेवलंय.

(जरा येरझाऱ्या घालून आलो. कुबड्यांचा आवाज झाला, बाईंनी ठोकलं.)

मग उपांत्य सामना. माझ्या जागी कप्तान कुणाला केलं असेल? पाचरला! हंगामी, अर्थात. आणि माझ्या जागी खेळायला कुणाला घेतलं असेल? कंपनीच्या तक्रारीच्या फोनवर बसणाऱ्याला. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की त्याचा फोन घेऊन, घाबरू नका, माणूस निघालाय, असं गोड आवाजात सांगणं हे त्याचं काम. आम्ही त्याला हॅलो म्हणतो. चष्मा दोरीने डोक्यामागे बांधून तो उतरला. पहिलाच बॉल त्याच्या हातातून निसटून थेट प्रेक्षकांत गेला, तर तो त्या प्रेक्षकाला म्हणाला, क्षमा करा, आपली गैरसोय झाली. मी बाकावर पाय लांब करून बसलो होतो. म्हटलं, संपलं.

पण पुढच्याच क्षणी पाचरने बॉल परत हॅलोकडे दिला. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आत्ताच घालवलेल्याला! तो परत चुकला, याने परत दिला. आणि या हंगामी कप्तानाचं तोंड एकसारखं चालू. मी तुझ्या डावीकडे आहे, तुझ्या मागे कुणी नाही, वळ, वेळ आहे, घाई नको. खड्ड्यातल्याशी बोलावं तसं. मग बाकीचेही बोलायला लागले, मी इथे, मी मोकळा, मी येतोय. खेळ आहे का भाजीबाजार, असं मी मोठ्याने म्हणालो, पण त्या गलबल्यात कुणाला ऐकू गेलं नाही. आणि मग हॅलोने बास्केट केली. केली ती केली, वर त्याने टोपलीकडे बघून कुणाचे तरी आभार मानले. यावर वेल्डर हसला. आत्या, वेल्डर खदखदून हसला. मी कप्तान असताना त्याला हसलेलं मी पाहिलेलं नाही. त्याचे पुढचे दात इतके सरळ आहेत हेही मला माहीत नव्हतं. मला तेव्हा वाईट वाटलं. का ते सांगता येत नाही, पण खूप वाईट वाटलं.

आता याच्यावरची कडी ऐक. सामना ऐन रंगात, आणि तुझा मुलगा स्वतः बाहेर आला. दमला होता, समोरच्या संघातल्या उंच खेळाडूपुढे काही चालत नव्हतं, म्हणून मोकळेपणाने तसं सांगून बाकावरच्या राखीव खेळाडूला आत पाठवलं आणि माझ्या शेजारी धापा टाकत बसला. मला मरता मरता सुद्धा कुणी बाहेर बोलावलं असतं तर मी गेलो नसतो. मी त्याला तेच सुनावणार होतो, तोच तो म्हणाला, “दादा, तुला इथून काय दिसतंय?” सुनावायचं राहूनच गेलं. मग सांगितलं, तो उंच दर वेळी उजवीकडेच वळतोय, डावीकडे वळायला त्याला जमत नाही. पाचरने हे आतल्यांना ओरडून सांगितलं, आणि हे दादाने पाहिलंय असंही ओरडून सांगितलं. मोटारवाल्या भावांनी त्याची उजवी बाजू बंद केली आणि आम्ही जिंकलो. आता मला सांग, ज्या कप्तानाला स्वतःला दिसत नाही, बाकावरच्या लंगड्याला विचारावं लागतं, तो कसला कप्तान? मी एवढी वर्षं कप्तान होतो, कुणालाही काही विचारलं नाही.

(परत उठलो होतो. पाणी प्यायलो. तहान नव्हती.)

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. त्याला तू समजावून सांगावंस की हंगामी म्हणजे हंगामी. संघाचा पुढारी तोच, ज्याच्या हातात कला आहे. पाचर गुणी आहे, तुझा आहे, पण कप्तानपण त्याच्या उंचीला मानवणारं नाही. तू सांगितलंस की तो ऐकेल. आतोबांना नमस्कार, मांजराला लांबून.

तुझा एका पायावरचा,
भाचा

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे सकाळपासून टाळतोय. पाचर काल संध्याकाळी इथे आला होता. बस म्हटलं तर बसला नाही, दाराशीच उभा राहून म्हणाला, दादा, तू नव्हतास म्हणून सांभाळलं, अंतिम सामना तुझाच, मी सगळ्यांना कळवून टाकलंय. कुणी काही बोललं का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं गं. जायच्या आधी माझ्या कुबडीचं रबर सैल झालेलं त्याने बसवून दिलं आणि गेला. म्हणजे वर मागितलेलं सगळं मला कालच मिळालेलं आहे. आनंदाने उडी मारायला हवी होती. पण तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये, आणि ते काही पायामुळे नाही. मी परत कप्तान झालो की ते चौघे परत माझ्याकडे बघत हात वर करून उभे राहतील, आणि मला भीती वाटते की मला परत काही सुचणार नाही.

तेव्हा वरची मागणी रद्द समज आणि ही खरी धर. त्याला सांग की कप्तान त्यानेच राहायचं. मी सांगितलं तर दादा रुसून बोलतोय असं त्याला वाटेल आणि तो ते आणखी हट्टाने माझ्या गळ्यात घालेल. तुझ्यापुढे त्याचं काही चालत नाही.

दुसरा ता. क. मी सांगायला सांगितलं असं सांगू नकोस. तुझ्याच मनात आलं म्हणून सांग.

तिसरा ता. क. फक्त एवढं त्याच्या कानावर घाल, की अगदी शेवटच्या क्षणी, गुण सारखे असले, तर बॉल माझ्याकडे द्यायचा. कला शेवटी कला आहे.

चौथा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, परत फाडलं. तिसरा ता. क. वाचूच नकोस. बॉल कुणाकडे द्यायचा ते कप्तान बघेल.