वरून उतरलेली आग

पैनगंगेकाठचा नाका,
२ फेब्रुवारी १९६४

प्रिय भगवान,

तुझं दिवाळीचं पत्र वेळेवर पोचलं होतं. उत्तराला फेब्रुवारी उजाडला, त्याला आळस म्हणू नकोस. थकलोय. सकाळी नाक्यावरून निघतो, डोंगराची सोंड चढतो, पलीकडे नदीवर उतरतो आणि परततो. आपण दोघं जंगल खात्याचे नाकेदार हीच फेरी बोलत बोलत संपवायचो. आता तेवढ्या वाटेत मी तीनदा बसतो. तू नोकरी सोडून घाटंजीला शेती धरलीस, बरं केलंस. इंदुताईंना माझा नमस्कार सांग.

रान कसं आहे, असं विचारलं होतंस. माथ्यावरचं सागवान उभं आहे. सोंडेच्या उतारावर मात्र त्या वणव्यानंतर पाच वर्षांनीही कुसळी गवत आणि तरोटाच. मध्ये एखादी सालई काळ्या बुंध्यातून फुटते, तिला गुरं खातात. झाडं गेली तशी उताराची माती सुटली आणि दर पावसाळ्यात नदीत आली. आपण ज्याचा तळ कधी पाहिला नाही तो कोलामांचा डोह आता कमरेइतका आहे. करंजांच्या मुळांत पाणमांजरांची बिळं होती ना, ती गाळानं बुजली. मरळ मासा मिळत नाही. परवा वाळूत एका रोह्याच्या, नीलगाईच्या, खुरांचे ठसे दिसले, तेवढ्यानंही बरं वाटलं.

मागच्या महिन्यात कोलामांचा उकंडा आला होता. त्यांचं पोड, ती सगळी वस्ती, उठवल्यावर तो राजूरच्या कोळसा खाणीत गेला, हे तुला ठाऊक आहे. मी ओळखलंच नाही त्याला. दम लागतो, बोलताना मध्येच थांबतो. संगं त्याची बायको पंचफुला होती. मले डोह दाखव, एवढंच म्हणाला. मी हात धरून त्याला खाली नेलं. तो पाण्याकडे पाहत बसला, मग म्हणाला, "खेमसिंग, मोहफुलं येचणारा झाडाखालचा पाला जाळते तं आग पायथ्याले लागते अन् वर चढते. ते आग वरून उतरली होती. आमच्या पोडाजवळचे मोह तं जळलेच नोहोते."

मी विचारलं, "मंग तवाच काहून नाही बोलला?"

"इचारलं कोन?" तो म्हणाला. रागावून नाही, वेळ सांगावी तसं.

भगवान, ती दुपार तुलाही आठवत असेल. होळीचा आदला दिवस. माथ्यावरचा जाळपट्टा जाळून संपवायचा होता, म्हणजे उन्हाळ्यात वणवा पलीकडून आला तर तिथं अडेल. वारा सुटला होता. तू म्हणालास, वारा पडू दे, उद्या सकाळी लावू. मला घरी, आमच्या बंजारा तांड्यावर पोचायचं होतं. वर्षाची होळी, सारा गोतावळा जमलेला, घरून माझ्या जमनीनं दोनदा निरोप धाडलेला. मी काडी ओढली. अर्ध्या तासात आग पट्टा ओलांडून उतारावर गेली आणि आपण ओल्या फांद्या घेऊन तिच्यामागे वेड्यासारखे धावलो. नाल्यावर ती थांबली. पोड वाचलं, असं तेव्हा वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. साहेबांनीच विचारलं, पोडातल्या मोहवाल्यांनी लावली असेल ना? मी हो म्हणालो. एक शब्द. त्यावर अकरा घरं उठली. उकंडाचा म्हातारा बाप वाटेतच गेला. मी तांड्यावर त्या वर्षी पोचलो नाही, आणि नंतरची एकही होळी मला नीट खेळता आली नाही. जमनी कारण विचारायची. पाच वर्षांनी, उकंडा भेटून परत गेल्यावर, मी तिला सांगितलं. ती चूल फुंकत होती. फुंकणी तिनं खाली ठेवली. मग म्हणाली, "आता मले सांगून काय होते? ज्याले सांगाचं त्याले सांग."

उकंडा आला होता तो अर्ज घेऊन. अकरांपैकी नऊ घरांना परत यायचं आहे. नवे साहेब तरुण आहेत, त्यांनी जुना कागद काढून माझा अभिप्राय मागवला. काल मी चार पानं लिहून दिली. काडी मी ओढली, हो मी म्हणालो, कोलामांचा काही संबंध नव्हता. नोकरी जाईल, कदाचित पुढंही काही होईल. पोड येईल की नाही, हे साहेबांच्या हातात आहे.

आता तुला का लिहितोय ते सांगतो. त्या पंचनाम्यावर माझ्या सहीखाली तुझी सही आहे. मी हो म्हणालो तेव्हा तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि माझ्या लेकरांसाठी सही केलीस. आपण त्यावर कधी बोललो नाही. तू मला थांबवत होतास, हेही मी लिहून दिलं आहे. साहेब तुला बोलावतील. आग वाऱ्यानं आपोआप लागली, खेमसिंगचा दोष नव्हता, असलं काही माझ्यासाठी सांगू नकोस. एकदा तू मला वाचवलंस, ते उकंडाला भोवलं. या खेपेस विचारतील तेवढं खरं सांग, आणि माझ्यावर राग असेल तर तोही येऊन सांग.

वाट पाहणारा,
तुझाच
खेमसिंग