आईचा दोन तासांचा सिनेमा

प्रिय धाकट्या,

तुझा साडेतीन तासांचा सिनेमा आला तेव्हापासून आई एका जागी बसलेली नाही. आत्ताही तिच्या फेऱ्या चालू आहेत, स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दारापर्यंत. मी तिच्यावर एक डोळा ठेवून लिहिते आहे, तेव्हा मध्येच वाक्य तुटलं तर समजून घे. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा खटाटोप.

आधी सिनेमाचं बोलते, नाहीतर म्हणशील ताईने बघितलाच नाही. दोन्ही बघितले. थिएटरात लागलेला, ज्याचं संकलन करताना मी काटछाट केली होती, आणि आता आलेला, जो तू आपल्या मनासारखा पुन्हा जोडलास. शेजारी शेजारी दोन पडदे लावून बघितले, आपण कामावर बघायचो तसे. तुझा खलनायक आता माणूस वाटतो. माझ्या संकलनात तो नुसता पूल पाडत सुटला होता. तुझ्यात कळतं की तो पूल त्यानेच बांधला होता आणि भेगांबद्दल तो ओरडत होता तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं. तिथे तू जिंकलास. नायक पहिल्यांदा उडतो तिथलं संगीत काढून तू नुसता वारा ठेवलास. अंगावर काटा आला. पण बाबा रे, ती महापौरांची बैठक! मी उठून भांडी घासून आले, तरी महापौर तिथेच. आणि नायकाला उंचीची भीती वाटते हे तू तीनदा सांगतोस. प्रेक्षक बहिरे नसतात, एवढं म्हणायचा हक्क थोरल्या बहिणीला आहे.

आता आईचं. रोज तेच तेच घडत राहिलं की तिचं डोकं शांत राहतं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणून गेली दोन वर्षं रोज दुपारी ती ऑनलाइन वाहिनीवर तुझा सिनेमा लावून बघत होती, तोच, दोन तासांचा. नायकाला टोमणे मारायची, "मेल्याला आख्ख्या शहरावरून उडता येतं, घरी यायला तेवढं जमत नाही!" त्याची पडद्यावरची आई तर हिची मैत्रीणच झाली होती. तिचं दार उघडं दिसलं की ही इथून ओरडायची, "अहो, कडी लावा!" मग मागच्या आठवड्यात त्या वाहिनीने जुना सिनेमा काढून तिथे तुझा साडेतीन तासांचा ठेवला. तुझ्यात ती बाई पुलाखाली सापडून मरते. कथेला तेच हवं होतं हे मला ठाऊक आहे. निर्मात्याला ती जिवंत हवी होती, मी ती ठेवली, आणि तिथेच आपलं बोलणं संपलं. आई तेव्हापासून विचारते आहे, "कालपर्यंत धडधाकट होती, एकदम असं काय झालं?" ताट समोर ठेवलं की उठून दाराशी जाते. मी कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

तुला वाटेल, जुनी प्रत मागायला मी हे लिहिते आहे. प्रत मिळेल, निर्माता नाही म्हणणार नाही. पण आई त्या बाईला शोधत नाहीये, हे मला काल कळलं, ती दाराशी उभी राहून तुला हाक मारत होती तेव्हा. जुन्या सिनेमाच्या शेवटी नायकाचा घरी फोन येतो ना, जो तुझ्यात आता नाही? नट दुसऱ्या कामावर निघून गेला होता, म्हणून त्या ओळी तूच बोललास, बाहेरचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून डोक्यावर पांघरूण घेऊन, माझ्यावर चिडून, "आई, मी सुखरूप आहे. येतोच." प्रेक्षकांपैकी कुणालाही कळलं नाही. आईला पहिल्याच दिवशी कळलं. रोज त्या वाक्यावर ती उठून पडद्याजवळ जायची आणि तुझं लहानपणीचं नाव घेऊन विचारायची, "टिल्ल्या, जेवलास का रे?" तोवर नावांची पाटी सुरू व्हायची. ती थोडा वेळ थांबायची, मग मला सांगायची, "घाईत असेल." हे रोज दारात उभं राहून ऐकलंय मी. तो फोन तिला पुन्हा लावून दाखवायचं आता माझ्याच्याने होणार नाही. माझ्याशी बोलू नकोस, हरकत नाही. तिला फोन कर. ती जेवलास का विचारेल, तेव्हा उत्तर दे.

तुझीच,
ताई