यादीतलं तेविसावं वाक्य

चिमे,

सुट्टी असूनही मी लाँड्रीत चालले आहे. काल मॅनेजरने इंग्रजीत विचारलं, उद्या येशील का, आणि तू पुस्तकातून उतरवून कपाटावर चिकटवलेल्या इंग्रजी वाक्यांच्या यादीतलं 'शुअर सर, नो प्रॉब्लेम' माझ्या तोंडून निघून गेलं. महिनाभर घोकलंय ना! आज बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, हे सांगायला तुझ्या बावीस वाक्यांत एकही वाक्य नाही. सगळी मेली मान डोलावणारी. ती लिहिणाऱ्याने जन्मात कधी दुसऱ्याच्या चादरी धुतल्या नसतील.

बाबांसोबत तू जा. निघताना डोळ्यात थेंब घाल. आई दुपारी येईल, असं त्यांना सांग. मला खात्री नाही, पण सांग.

आणि संध्याकाळपर्यंत तेविसावं वाक्य इंग्रजीत लिहून ठेव : उद्या जमणार नाही. पुढे सर लावू नकोस.

आई