छाप नसलेलं लाकूड

३ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे फार दुखतो, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे अजिबात नाही. तू तिकडे बंदरावरच्या कचेरीत वेळेवर जेवतेस ना?

मोठी बातमी म्हणजे भट्टी झाली. लाकूड तापवायची, जिच्यासाठी तू दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस तीच. बँकेने आधी वाटेला लावलं, म्हणे बिजागऱ्यांच्या एवढ्याशा कारखान्याला भट्टी कशाला? मग मी आणि शेजारचे कारखानदार, म्हणजे कुलूपवाला, नळवाला आणि पंपवाले दोघे भाऊ, असे मिळून गेलो. पाच म्हाताऱ्यांना एकदम हाकलणं मॅनेजरला जमलं नाही.

परदेशी पाठवलेला कंटेनर परत आला त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. चाळीस दिवस जाताना, चाळीस येताना, आणि एकही खोकं उघडलेलं नव्हतं. खोकी ज्यावर रचतो त्या लाकडी पॅलेटवर तापवल्याचा छाप नाही, लाकडातून कीड येईल, म्हणून अख्खा माल माघारी. तू आधीच बजावलं होतंस. मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "पितळेला कीड लागते होय? बापाला धंदा शिकवू नकोस." तू मागवलेल्या छापाच्या पॅलेटना उशीर होत होता. तू भट्टीचं प्रशिक्षण घ्यायला गेलीस त्या आठवड्यात मी सुताराकडून ओल्या लाकडाचे ठोकून घेतले आणि माल रवाना केला.

ही चूक झाली. त्यापुढचं जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही. कामगारांनी विचारलं, "काय झालं मालक?" मी म्हणालो, "कागदांत गडबड झाली." कागद कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तू दारात उभी होतीस. एक शब्द बोलली नाहीस, आठवड्याने निघून गेलीस. तुझ्या आईला मी सांगितलं, पोरीला शहराची हवा हवी होती. चिमणे, मी घाबरलो होतो. म्हातारा चुकला असं कळलं तर अठ्ठावीस माणसं माझ्यावर विश्वास कशी ठेवतील, असं वाटलं. म्हणून तुला पुढे केलं. फार वाईट वागलो.

परदेशी गिऱ्हाइकाने शेवटची संधी दिली आहे. एप्रिलअखेर माल छापाच्या लाकडावर निघाला पाहिजे, नाहीतर ते दुसरीकडे जाणार आणि आपल्या निम्म्या माणसांना घरी बसावं लागणार. नियमही त्यांचे आणि भट्ट्याही त्यांच्या. आपल्याकडे नियम आधी पोचतो, भट्टी मागाहून. यावर मी पुष्कळ चिडून झालो. पण परवा पहिलं लाकूड बाहेर आलं, गरम आणि खणखणीत कोरडं, तेव्हा नळवाला त्यावर हात फिरवून लहान मुलासारखा हसला. मीही हसलो.

छाप मारायच्या परवान्यावर प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं नाव लागतं. आमच्या चारही कारखान्यांत मिळून तशी तू एकटीच. सगळे म्हणाले, पोरीला बोलवा. मी म्हणालो, थांबा, त्याआधी मला एक काम आहे.

काल जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा केलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. फोरमन म्हणाला, "आम्हाला माहीत होतं मालक. ते ओलं लाकूड आम्हीच उतरवलं होतं."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"ताईंनी शपथ घातली होती. म्हणाल्या, बाबांना खाली बघायला लावू नका."

सुट्टी संपल्याची घंटा रोज मी वाजवतो. काल फोरमननेच वाजवली.

पंधरा तारखेपर्यंत नावाचा रकाना कोरा ठेवतो. आलीस तर भट्टीसाठी ये. माझ्यासाठी म्हणण्याचा हक्क मला नाही. नाही आलीस तरी तुझ्यावर माझा राग नसेल, एवढं नक्की.

तू ज्याची लाज राखलीस तो,
तुझा बाबा